कुंडीतला सोनचाफा: कुंडी बदलणं, पाणी, खत, फुलं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरेगावला आमच्या टेरेसवर तीन सोनचाफे आहेत, सगळ्यात जुना ११ वर्षांचा, आणि दर मे महिन्यात सोसायटीतलं कोणी ना कोणी हातात एक पिवळं पान घेऊन दारात उभं असतं, "बघ ना गं हे असं का झालंय". माझं आजोळ वसईचं, मामाच्या वाडीत चाफ्याच्या रांगाच्या रांगा होत्या, त्यामुळे थोडं तिकडून आलंय आणि बरंचसं झाडं मारून शिकलेय. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते सगळे एकदाच लिहून ठेवते.

सोनचाफा म्हणजे मॅग्नोलियाच का?

हो, तोच. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव मिशेलिया चंपाका असं दिसेल, आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. मॅग्नोलिया हे नाव पिअर मॅन्योल या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून पडलंय. पण आपल्याकडे ज्याला त्याला चाफा म्हणतात म्हणून गोंधळ होतो. देवळाबाहेरचा पांढरा चाफा, ज्याची फांदी मोडली की चीक येतो, तो मूळचा अमेरिकेकडचा, त्याचा ह्या कुळाशी काही संबंध नाही. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा तर हळद-आल्याच्या. कवठी चाफा मात्र मॅग्नोलियातलाच.

ओळखायची एक सोपी खूण सांगते. सोनचाफ्याची कोवळी फांदी हातात घेऊन पान जिथे फुटतं तिथे नीट बघा, फांदीभोवती बारीक अंगठीसारखी गोल रेघ असते. नवीन पान एका टोकदार टोपीत गुंडाळलेलं असतं, ती टोपी गळून पडली की ही रेघ मागे राहते. खाली पडलेल्या टोप्या बघून कळी गळली म्हणून घाबरणारे खूप जण भेटलेत मला, ती कळी नसते.

ऑनलाइन गुलाबी, जांभळ्या मॅग्नोलियाच्या बिया मिळतात, घेऊ का?

नका घेऊ. ते बशीएवढ्या गुलाबी फुलांचे मॅग्नोलिया थंड देशातले, हिवाळ्यात पानं झडून गारठ्यात विश्रांती घेतली की मगच फुलणारे. मुंबईत तो गारठा कुठून आणणार? आणि निळ्या मॅग्नोलियाचा फोटो दिसला तर सरळ पुढे जा, निळा मॅग्नोलिया नसतोच. वेगळं काही हवं असेल तर पांढरा सोनचाफा घ्या, तो आपल्या हवेत मस्त होतो, फूल जरा सडपातळ आणि वास भरपूर.

बियांचं रोप की कलम?

कुंडीसाठी कलमच. बियांपासून केलेल्या झाडाला फूल यायला ७-८ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर ते झाड कुंडीत मावत नाही. कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलं येतात. कोकणातून येणारी वेलणकर नावाची जात बऱ्याच नर्सऱ्यांमध्ये मिळते, झाड आटोपशीर राहतं आणि फुलं जवळपास वर्षभर थोडी थोडी येत राहतात.

रोप घेताना वर लागलेली फुलं बघून भुलू नका, खाली बघा. कलमाचा जोड कुठे आहे, तिथे प्लास्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली आहे का (असेल तर घरी आल्यावर हळूच काढा, नाहीतर खोड तिथे आवळलं जातं), जोडाच्या खालून फूट आलीय का. खालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची असते, ती जोमात वाढते आणि वरचं कलम उपाशी मारते. दिसली की नखाने खुडायची, दर वेळी.

कुंडी बदलायची वेळ झाली हे कसं कळतं?

सकाळी भरपूर पाणी घातलं आणि संध्याकाळी पानं मलूल दिसली, पाणी घातल्याबरोबर खालून धो धो निघून गेलं, भोकांतून मुळं बाहेर डोकावायला लागली, नवीन पानं आधीच्यापेक्षा लहान यायला लागली. ह्यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर बदला. नाही दिसल्या तर नका बदलू, वर्ष झालं म्हणून बदलायचं असं काही नसतं. दोन-अडीच वर्षांतून एकदा पुरतं.

कोणत्या महिन्यात बदलू?

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. पहिल्या दोन-चार सरी पडून हवा गार झाली, आभाळ भरलेलं राहायला लागलं की जूनचा तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात चांगला. हवेत दमटपणा असतो म्हणून पानांमधून पाणी कमी उडतं आणि मुळांना सावरायला वेळ मिळतो. जुलैच्या धुवाधार पावसात नको, माती चिखल होते. एप्रिल-मे मध्ये तर अजिबात नको, ऑक्टोबरच्या तापातही नको. पावसाळ्यात जमलंच नाही तर फेब्रुवारीची सुरुवात, नवी पालवी फुटायच्या आधी.

केवढी कुंडी घेऊ? एकदाच मोठा ड्रम घेतला तर?

हीच चूक सगळे करतात, "परत परत कोण करणार" म्हणून. लहान रोपाला मोठ्या ड्रममध्ये टाकलं की मुळं मध्यभागी एवढीशी आणि आजूबाजूला ओली माती ढीगभर, ती माती वाळतच नाही, आणि चाफ्याच्या मुळांना सतत ओलं राहणं सोसत नाही. पिशवीतल्या रोपाला १० किंवा १२ इंची, मग १६, मग १८-२०, आणि जागा असेल तर शेवटी २४ इंची. उंचीपेक्षा रुंदी बघा, उभट कुंडी वाऱ्याने आडवी होते.

वजनाचाही विचार करा. १८ इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज ५०-६० किलोच्या वर जाते, ती खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायची नसते, खालून माणसं ये-जा करतात. ग्रिलमध्ये १२ इंचीच्या पुढे जाऊ नका आणि तीसुद्धा तारेने बांधून.

मातीत काय काय मिसळू?

मी चार घमेली लाल माती, तीन घमेली जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक घमेलं भाताचं तूस घेते, वरून दोन मुठी निंबोळी पेंड. तूस नसेल तर परलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून पिळून घ्या, त्यात खार असतो. चाफ्याला किंचित आंबट माती आवडते, म्हणून चुना, राख, अंड्याच्या टरफलांची पूड ह्यातलं काहीही नको. घरात टरफलं साठवलेली असतात आणि हात शिवशिवतात, पण ती टोमॅटोला घाला.

रिपॉटिंग करताना मुळं मोकळी करायची का? धुवायची का? कापायची का?

नाही, नाही आणि नाही. ह्या प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसले म्हटलं तरी चालेल.

मॅग्नोलियाची मुळं इतर झाडांसारखी दोरीसारखी चिवट नसतात. जाड, मांसल, ठिसूळ असतात, बारीक केसाळ मुळं कमी, ओढलं की कडकन तुटतात आणि तुटल्या जागी पटकन कुजतात. जास्वंदीची, मोगऱ्याची मुळं छाटली तर ती उलट जोमाने फुटतात, चाफ्याला तो नियम लावायचा नाही. माझा पहिला चाफा मी असाच घालवला. एका व्हिडिओत बघितलं होतं की नर्सरीची माती पूर्ण धुवून काढायची, तर ऑगस्टमध्ये, नळाखाली धरून, बोटांनी विंचरून विंचरून सगळी मुळं स्वच्छ केली आणि नव्या कोऱ्या मातीत लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं खाली, आठवड्यात कडा तपकिरी, तिसऱ्या आठवड्यात खोडाला नख लावलं तर आत हिरवं काही उरलंच नव्हतं. त्यावर ९ कळ्या होत्या. मामाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "चाफ्याची पिशवी फाडायची आणि गोळा जसाच्या तसा ठेवायचा, मुळाला हात लावायचा नाही". तेव्हापासून तेच करतेय.

पण एक अडचण खरी आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या बऱ्याच रोपांचा गोळा चिकट मातीचा, वाळला की दगडासारखा असतो. तो तसाच भुसभुशीत मातीत ठेवला तर पाणी बाजूच्या मऊ मातीतून निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो, आपण रोज पाणी घालतो आणि झाड तहानेने मरतं. तर त्याला असं करा: गोळा पिशवीसकट बादलीत १५-२० मिनिटं बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. पिशवी ब्लेडने दोन बाजूंनी कापा. मग अंगठ्याने फक्त बाहेरचा मऊ झालेला चिखल खरवडा, अर्ध्या इंचापर्यंत, पांढरट मूळ दिसलं की थांबा. शेवटी विणायची सुई किंवा बांबूची काडी घेऊन गोळ्याला वरून चार-पाच ठिकाणी हळूच खोल भोकं पाडा, काडी कशाला अडली तर जोर न लावता दुसरीकडे घाला. ह्या भोकांतून पाणी आत जातं. एवढंच पुरे.

आणि कुंडीतून कुंडीत हलवताना?

आदल्या संध्याकाळी पाणी घालून ठेवा म्हणजे गोळा ओलसर असतो आणि फुटत नाही. कुंडी आडवी करून बाजूंनी थोपटा, जुनी सुरी कडेने फिरवा, आणि झाड खोडाला धरून उपटू नका, गोळा तळाशी हात घालून बाहेर घ्या, मोठं झाड असेल तर दोन माणसं लागतात. प्लास्टिकची कुंडी असेल तर खुशाल कापा, कुंडी परत मिळते. नव्या कुंडीला निदान पाच भोकं हवीत, प्रत्येकावर खापरीचा एक तुकडा. गोळा आधी जेवढा वर होता तेवढाच वर राहिला पाहिजे, खोडावर माती चढवायची नाही आणि कलमाचा जोड मातीपासून चार बोटं तरी वर. कडेने माती घालून हलकं दाबा, तुडवू नका, पाणी खालून निघेपर्यंत घाला आणि ८-१० दिवस उजेडाच्या सावलीत. नंतर सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन.

कुंडी बदलली आणि पानं गळायला लागली!

जुनी, खालची १०-१२ पानं गळली तर काही नाही. शेंड्याची कोवळी पानं मान टाकत असतील तर सावलीत घ्या, दिवसातून दोनदा पानांवर पाण्याचा फवारा, पण कुंडीत पाणी ओतत बसू नका. खत तर महिनाभर बिलकुल नाही. नखाने फांदी किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं तशीही बरीच गळतात आणि मागोमाग नवी पालवी येते, त्याला काही औषध लागत नाही.

आता आणखी मोठी कुंडी शक्यच नाही, मग काय करू?

माझ्या जुन्या झाडाचं हेच झालंय. दरवर्षी जूनमध्ये वरची दोन इंच माती बोथट खुरप्याने अलगद काढते आणि तेवढं गांडूळखत व नवी माती भरते. मुळं दिसली की तिथे हात थांबवायचा. पाच वर्षं ह्याच्यावर चाललंय आणि फुलं कमी झालेली नाहीत.

पाणी किती आणि कधी?

बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर नाही. टेरेसवर एप्रिल-मे मध्ये रोज सकाळी, कधी संध्याकाळीही लागतं. थंडीत एक दिवसाआड.

कुठलं पाणी हे जास्त महत्त्वाचं आहे. महापालिकेचं नळाचं पाणी तलावांचं, मऊ, चाफ्याला चालतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी खारट-जड असतं, समुद्राजवळच्या सोसायट्यांत तर जास्तच, त्याने पानांची टोकं आणि कडा जळल्यासारख्या होतात. दुसरा इलाज नसेल तर पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा, साठलेला खार पावसाने धुवून जातो.

पावसाळ्यात आत घेऊ का?

नको, पण पाणी साठता कामा नये. कुंडीखाली तीन विटा ठेवून ती उचला, खालची ताटली काढून टाका (ताटलीतल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, पालिकेची माणसं तपासायला येतात आणि ते बरोबरच आहे), दर आठवड्याला भोकात काडी घालून बघा तुंबलंय का. माती ओली असूनही पानं लोंबायला लागली तर ती तहान नाही, मुळं कुजतायत. लगेच आडोशाला घ्या, पाणी बंद, आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम ह्या प्रमाणात कालवून मातीत एकदाच ओता. उशीर झालेला असेल तर झाड वाचत नाही, म्हणून जूनमध्येच शेणखतात ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून घालते मी.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, हे काय?

लोह कमी पडतंय. मातीत असतं, पण जड पाण्याने किंवा चुन्याने माती अल्कधर्मी (आंबटच्या उलट) झाली की मुळांना घेता येत नाही. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल असं लोह) मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, जास्त नाही, पानांवर फवारा, १५ दिवसांनी परत. आणि पाणी बदला, नाहीतर पुन्हा तेच. सगळं पान एकसारखं पिवळं होत असेल आणि खालची पानं आधी, तर खत कमी आहे किंवा पाणी जास्त.

खत?

दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत, दर पंधरा दिवसांनी पातळ केलेली शेणाची स्लरी नाहीतर मोहरीच्या पेंडीचं भिजवलेलं पाणी चहाच्या रंगाइतकं पातळ करून. भर पावसात काही नाही, वाहून जातं. बस.

झाड हिरवंगार आहे पण फूल नाही. कळ्या येतात आणि गळतात.

फूल नसेल तर पहिला संशय उन्हावर. रोज ४-५ तास थेट ऊन लागतंच, दोन बिल्डिंगच्या मधल्या खिडकीत पानं येतील, फुलं येणार नाहीत, आणि तिथे चाफ्याचा हट्ट धरू नये, झाडाचे हाल होतात. दुसरा संशय युरियावर किंवा नुसत्या नत्राच्या खतावर. तिसरा, ते बियांचं रोप असेल.

कळ्या गळण्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यातली गडबड: चार दिवस गावी गेलो, माती खडखडीत वाळली, आल्यावर दोन बादल्या ओतल्या. किंवा कळ्या असताना कुंडीची जागा बदलली. कळ्या दिसायला लागल्या की कुंडी फिरवायचीसुद्धा नाही.

छाटणी करू?

हलकी, जानेवारीच्या शेवटी. फुलं नवीन फुटीवर, पानांच्या बगलेत येतात, म्हणून शेंडा खुडला की बाजूने फांद्या आणि तेवढी फुलं जास्त. पण मनगटाएवढी फांदी कापू नका, मॅग्नोलियाची मोठी जखम लवकर भरत नाही.

पानांवर हिरव्या अळ्या आहेत, काय मारू?

काहीच मारू नका, आधी नीट बघा. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं, एका जागी न बसणारं टेल्ड जे नावाचं फुलपाखरू चाफ्यावर, सोसायट्यांतल्या उंच सरळ वाढणाऱ्या अशोकावर (सीताअशोक नव्हे), सीताफळावर अंडी घालतं. अळी खांद्याशी फुगीर, शेपटीकडे निमुळती, बोट लावलं की डोक्यामागून शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार-पाच पानं खाते आणि कोष करते, तो कोष इतका पानासारखा हिरवा असतो की मला एकदा हात लावेपर्यंत कळलं नव्हतं. मोठ्या झाडाला एवढ्याने काही होत नाही. अगदी छोटं कलम असेल तर अळी उचलून सोसायटीतल्या अशोकावर ठेवा.

पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग आणि खवले कीड मात्र ठेवू नका. आधी जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी, पानांच्या खालून. मुंग्यांची रांग चढताना दिसली की मिलीबग आलेच समजा. उमललेल्या फुलांवर फवारू नका.

सोसायटीच्या आवारात जमिनीत लावला तर?

जागा असेल तर ह्याच्यासारखं सुख नाही, पण तो तीन-चार मजल्यांपर्यंत सहज जातो, भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून १२-१५ फूट लांब लावा. मुंबईत झाड तोडायलाच नाही तर फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी लागते, तेव्हा जागा आधीच विचार करून ठरवा. एकदा लावला की हलवायचा नाही, कारण वर सांगितलं तेच, मुळं.

फुलं कधी काढायची, टिकवायची कशी?

पहाटे, उजाडता उजाडता, कळी अर्धवट उघडलेली असताना, देठासकट. वसईची मंडळी रात्रीच उठून काढतात आणि पहिल्या लोकलने दादरच्या फुलबाजारात पोचवतात ते ह्यामुळेच, दुपारपर्यंत फूल पूर्ण फाकतं आणि पाकळ्या तपकिरी व्हायला लागतात. पाकळीला बोट लागलं तिथे डाग पडतो, म्हणून देठालाच धरायचं. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस राहतात. आजी काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी आणि तुरटीचा खडा घालून त्यात चाफा बुडवून ठेवायची, वास जायचा पण फूल कितीतरी दिवस तसंच सोनेरी दिसायचं. ती बाटली आता माझ्याकडे आहे, ह्या जूनमध्ये नव्या कलमाचं पहिलं फूल त्यात ठेवलंय.